खोडलेली एकसष्ट नावं

कासारवाडी
८ जून २०२५

प्रिय गणराज,

काल फोन केला तेव्हा तुमच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात दोन मोटारी एकदम चालू होत्या आणि तुला माझं एक वाक्य धड ऐकू गेलं नाही. म्हणून मेल लिहितेय. तसंही हे लिहून विचारलेलंच बरं.

आमचं ठीक चाललंय. तुझे दाजी या महिन्यात सेकंड शिफ्टला आहेत, त्यामुळे दोघांची गाठ फक्त सकाळच्या चहाला पडते. मामींचा गुडघा कसा आहे? तेल लावून बसू नका म्हणावं, डॉक्टरला दाखवा.

एक विचारायचं होतं. माझी एक मैत्रीण आहे, इकडेच एका छोट्या कंपनीत. त्यांनी नेटवर सगळ्यांना खुलं असलेलं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर उचललं, थोडी भर घातली, त्याचं नाव बदललं आणि चार कारखान्यांना आपलंच म्हणून दिलं. मूळ लिहिणाऱ्यांची नावं आत होती, ती काढली. परवान्याचा मजकूरही काढला. 'यातली प्रत्येक ओळ आमच्याच कंपनीत लिहिली आहे' असं कारखान्यांना लिहून दिलंय आणि त्यावर तांत्रिक प्रमुख म्हणून तिची सही आहे. त्या वेळी तिला वाटलं, फोर्क करायला, म्हणजे प्रत घेऊन आपली वेगळी आवृत्ती काढायला, तर सगळ्यांना मुभा असते. आता तिचं कशातच लक्ष लागत नाही. ऑफिसचा फोन वाजला तरी दचकते.

तू त्या ओपन सोर्सवाल्या मंडळींत वावरतोस म्हणून तुला विचारते. हे खरंच एवढं गंभीर असतं का? कुठलं सॉफ्टवेअर ते मात्र तिनं सांगितलेलं नाही.

तुझी,
दिपाताई

अंबाजोगाई
११ जून २०२५

ताई, नमस्कार.

आईला डॉक्टरकडे नेलं. ती तेल लावायची काही थांबत नाही.

तुझ्या मैत्रिणीला आधी सांग की फोर्क करण्यात काही गुन्हा नाही. कुणीही प्रत घ्यावी, आपली वेगळी वाट काढावी, ओपन सोर्स त्यासाठीच असतं. नाव बदललं तेही चूक नाही. उलट मूळ नाव आणि चिन्ह लावून विकलं असतं तर लोकांची फसगत केली म्हणून वेगळा दावा झाला असता.

चूक झाली ती नावं काढली तिथं. या कामाला कुणी पगार देत नाही, ताई. लिहिणारा एकच मागतो, माझं नाव आणि माझी अट राहू द्या. काही परवान्यांत एवढीच अट असते. काही कडक असतात. ज्याला प्रत द्याल त्याला सगळा मूळ कोडही द्या, तुमची भर धरून, आणि याच परवान्याखाली द्या, असं ते म्हणतात. अट मोडली की परवाना गेला, आणि परवाना नसताना वाटलं तर ते दुसऱ्याचा माल विकल्यासारखंच. शिवाय कारखान्यांना खोटं लिहून दिलंय. उद्या ते अडचणीत आले तर त्यांची भरपाईही या कंपनीच्या गळ्यात पडेल. सही तिची आहे म्हणजे पहिल्यांदा तिलाच बोलावतील.

एक वाट आहे. त्या कडक परवान्यात बहुतेक असं कलम असतं, की पहिलीच चूक असेल आणि नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत सगळं सुधारलं, तर परवाना परत मिळतो. नोटीस यायच्या आधीच सुधारलं तर अजून चांगलं. कारखान्यांनी कोड जुळवून बघणारं सॉफ्टवेअर लावलं तर असा कोड लगेच उघडा पडतो. तेव्हा तिला म्हणावं, आजच लाग.

आता माझी बातमी. चाकणच्या एका कंपनीनं मला मुलाखतीला बोलावलंय. ब्रेकचे भाग बनवतात. त्यांना मशिनच्या देखभालीचं सॉफ्टवेअर सांभाळणारा माणूस हवाय. माझी इंजिनिअरिंगची डिग्री नाही हे मी अर्जात सरळ लिहिलं, आणि 'ग्रीसबुक'मध्ये केलेलं काम दाखवीन म्हटलं. तुला माहीत आहे ना ते? फिनलंडच्या हेलेना बाईंनी सुरू केलेलं, मशिनच्या देखभालीचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. त्यात मशिनचा अलार्म वाजला की काय तपासायचं ते देवनागरीत दाखवणारा सगळा भाग माझा आहे. चार वर्षं दुकान सांभाळून लिहिलाय. बाबा पहिल्यांदाच गिऱ्हाइकांना सांगायला लागलेत की पोरगा चाकणला निघालाय.

मला पहिला प्रोग्रॅम तू शिकवलास, म्हणून तुला आधी सांगतोय.

गणराज

कासारवाडी
१५ जून २०२५

प्रिय गणराज,

मैत्रिणीला निरोप दिला. बघते म्हणाली.

तुझ्या मुलाखतीचं वाचून खूप बरं वाटलं. चाकणची कुठली कंपनी? एमआयडीसीच्या कुठल्या फेजमधली? कोण घेणार आहे मुलाखत, नाव कळलंय का? सहज विचारतेय. आणि ग्रीसबुकच दाखवायला हवं असं काही नाही. तू दुकानासाठी केलेलं मोटारींच्या नोंदींचं सॉफ्टवेअरही चांगलं आहे. ते दाखवलंस तर?

दिपाताई

अंबाजोगाई
२९ जून २०२५

ताई,

तुझा मेल मुलाखतीहून परतल्यावर पाहिला. ग्रीसबुक दाखवू नको असं तुला का वाटलं कुणास ठाऊक, पण वेळेवर वाचून तुझं ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

मुलाखत घ्यायला दोघं होते. देखभाल विभागाच्या प्रमुख अपेक्षा मॅडम आणि त्यांचे आयटीवाले. सुरुवात चांगली झाली. मॅडमनी मोटारींबद्दल विचारलं आणि मी बोलत सुटलो. मग मोबाईलवर ग्रीसबुक उघडून माझा भाग दाखवला. मॅडमनी तो वाचला आणि त्यांचा लॅपटॉप माझ्याकडे वळवला. तिथं तेच होतं. 'आधी तेल बघा, मग बटण दाबा' ही मी बाबांच्या तोंडची घातलेली सूचनासुद्धा. मला आनंदच झाला. म्हटलं, तुम्ही आमचंच वापरता की.

त्यावर आयटीवाले म्हणाले की हे 'यंत्रसखी' आहे, भोसरीच्या एका कंपनीनं बनवलेलं. माहितीचं पान उघडून दाखवलं. त्यावर ग्रीसबुक नाही, हेलेना बाई नाहीत, मी नाही. फक्त त्या कंपनीचं नाव. मी म्हटलं, नेटवर तारखांसकट सगळं आहे. ते म्हणाले, नेटवर कुणीही काहीही टाकतं, आमच्याकडे सही-शिक्क्याचं लेखी आहे. मॅडमनी मात्र मला शांतपणे विचारलं, "तुमच्याकडे काही कागद आहे का?"

"कागद नाही," मी म्हटलं.

दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवणारा उमेदवार, असं काहीतरी आयटीवाल्यांनी माझ्यासमोरच लिहून घेतलं. गेटवर पास परत देऊन बाहेर आलो.

मी परतल्यावर हेलेना बाईंना सगळं कळवलंय. त्या नोटीस पाठवणार आहेत. आणि ताई, तुझं ऑफिसही भोसरीतच आहे म्हणून विचारतो. तुमच्या कंपनीचं बिलिंग सॉफ्टवेअरचं काम वेगळं असलं तरी एकमेकांची माहिती असेल. ही यंत्रसखीवाली माणसं कोण आहेत? मला त्यांना एकदा बघायचंय फक्त.

बाबांना सांगितलं की जागा आधीच भरली होती.

गणराज

कासारवाडी
१२ जुलै २०२५

गणराज,

तेरा दिवस झाले तुझं पत्र येऊन. चार वेळा लिहायला बसले आणि खोडलं.

यंत्रसखी आमची आहे. बिलिंगचं काम मागच्या वर्षीच बंद झालं, कंपनीचं नावही बदललं, ते मी तुम्हा कुणाला सांगितलं नव्हतं. मैत्रीण वगैरे कुणी नाही. त्या लेखी कागदावर सही माझी आहे.

अजून एक आहे, ते लिहिल्याशिवाय हे पत्र खोटंच राहील. ग्रीसबुकमध्ये नावांची एक फाईल आहे, एकसष्ट नावांची. ती पुसायच्या आधी मी उघडली होती. एकोणिसाव्या ओळीवर तुझं नाव होतं. गणराज रंगराव पांचाळ, अंबाजोगाई. मी पाहिलं. उठून पाणी पिऊन आले. परत बसले आणि फाईल पुसली.

का पुसली, ते जमेल तसं सांगते. आमचे अजिंक्य सर वाईट माणूस नाहीत. मुलासाठी सहा वर्षं घरी बसलेल्या बाईला कुणी उभं करत नव्हतं, तेव्हा त्यांनी मला घेतलं आणि वर्षभरात तांत्रिक प्रमुख केलं. बिलिंग बंद पडलं तेव्हा चौदा माणसं रिकामी बसणार होती. ग्रीसबुक मीच शोधून त्यांच्यापुढे ठेवलं. देवनागरी होतं म्हणून ठेवलं, म्हणजे तुझ्यामुळेच. डिसेंबरातल्या एका सोमवारी चाकणला दाखवायचं होतं. सर म्हणाले, गिऱ्हाइकाला बाहेरची नावं दिसली तर ते आपल्याला का देतील, आणि ओपनच आहे ना ते. मला परवाना माहीत होता. मी वाचला होता. तरी मी 'हो' म्हटलं.

नोटीस ४ तारखेला आली. तीस दिवस. त्याच आठवड्यात अपेक्षा मॅडमचाही मेल आला, की त्यांना कोडची तपासणी करायची आहे, प्रत पाठवा. सरांनी मला केबिनमध्ये घेतलं आणि कोडमधली फाईलींची आणि फंक्शनांची नावं फिरवायला सांगितलं. फंक्शनं इकडची तिकडे कर, रचना बदल, म्हणजे तपासणीत जुळणार नाही. प्रत मंगळवारी पाठवायची आहे. मी दोन दिवस तेच करत बसलेय. करताना तुझ्या भागापाशी आले की हात चालत नाही. फोन वाजला की ताटावरून उठते. दाजी विचारतात काय झालं, तर ॲसिडिटी म्हणते.

माफ कर असं लिहायचं धाडस नाही. मी काय करू, एवढं तरी सांगशील का?

दिपा

अंबाजोगाई
१६ जुलै २०२५

ताई,

मंगळवार उलटून गेला. तू काय पाठवलंस मला माहीत नाही.

तुझं पत्र मी दुकानात वाचलं. बाबा विचारत होते कुणाचं, तर दिपाचं म्हटलं. बरी आहे ना, म्हणाले. हो म्हटलं.

मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं तेव्हा घरात एकटी तू मला मूर्ख म्हणाली नव्हतीस. माझ्याकडे डिग्री नाही, अनुभवाचं पत्र नाही. मला काही येतं याचा सगळ्या जगात एकच पुरावा आहे, ती एकोणिसावी ओळ. ती कुणा अनोळखी माणसानं पुसली असती तर मी भांडलो असतो आणि विसरलो असतो.

नोटीस मागे घ्या असं मी हेलेना बाईंना सांगणार नाही. तू माझी बहीण आहेस हेही कळवणार नाही. त्या नोटिशीवर बाकीच्या साठ जणांचाही माझ्याइतकाच हक्क आहे.

काय करायचं ते तू विचारलंस. तुला माहीत आहे. ११ जूनच्या मेलमध्ये मी लिहिलंय, मैत्रिणीसाठी.

गणराज

कासारवाडी
२७ जुलै २०२५

गणराज,

उत्तराची अपेक्षा न धरता, झालं ते जसंच्या तसं लिहिते.

मंगळवारी मी काहीच पाठवलं नाही. ताप आलाय सांगून सुट्टी घेतली. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले आणि सरांना म्हटलं, मी हे फिरवाफिरवीचं काम करणार नाही. ते चिडले नाहीत. बसले आणि हिशेबाने समजावू लागले, की चारही कारखाने गेले तर कोण कोण घरी बसेल. एकेकाचं नाव घेतलं. मी ऐकत होते आणि मला वाटत होतं की आता मी परत हो म्हणणार.

आमचं ऑफिस सरांच्या वडिलांच्या इमारतीत आहे. ते वडील, सोनबा दादा, दिघीहून रोज दुपारी येतात आणि पेपर वाचत बाहेर बसतात. दार उघडं होतं. ते उठून आत आले आणि काय झालं म्हणून मलाच विचारलं. सर म्हणाले, दादा, तुम्हाला नाही कळायचं हे. मी जमेल तसं सांगितलं. परवाना, नावं, सगळं.

दादा खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "म्हंजी दुसऱ्याच्या सातबाऱ्यावरचं नाव खोडून आपलं चढवलं व्हय?"

दादा सरांकडे वळले.

"भावकीतल्यानं आपलं नाव काढलं, तवा बारा वर्सं कोर्टात घातली आमी. जमीन कुठं गेली न्हवती, हितंच व्हती. पर बांधावर हुबं राहिलं की आपलीच जमीन परकी वाटायची. तू ल्हान व्हतास, तुला ठावं न्हाई."

एवढं बोलून ते बाहेर जाऊन बसले. पेपर मात्र उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर गाडी घेऊन कासारवाडीला आले. चाकणला जाऊन खरं काय ते सांगू म्हणाले. तळवड्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अर्धा तास अडकली आणि तो अर्धा तास मी मनातल्या मनात एकच वाक्य घोकत होते. अपेक्षा मॅडमसमोर बसल्यावर सर सुरुवात करणार होते, पण सही माझी होती म्हणून मीच बोलले. कागद खोटा आहे म्हणाले. ग्रीसबुक सांगितलं. जूनमध्ये तुम्ही ज्या उमेदवाराला परत पाठवलंत तो खरं बोलत होता, तो भाग त्याचाच आहे, आणि त्याचं नाव मी स्वतः पुसलं, हेही सांगितलं. तू माझा मामेभाऊ आहेस ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं की मी नात्यासाठी बोलतेय.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि आम्हाला दोन तास बाहेर बसवलं. त्यांचे कायद्याचे सल्लागार फोनवर होते. मग तीन गोष्टी सांगितल्या. नोटिशीच्या मुदतीतच परवान्याप्रमाणे सगळं सुधारून मूळ कोडसकट द्यायचं. जुनं लेखी रद्द करून खरं लिहून द्यायचं. आणि यापुढे कुठल्याही कागदावर माझी सही चालणार नाही. त्यांच्या दोन नव्या उत्पादन लाईनींवर यंत्रसखी बसवायची होती, ते काम काढून घेतलं. बाकीच्या तीन कारखान्यांना आम्हीच कळवलं. एकानं लगेच बंद केलं, दोघं थांबलेत.

जागा भरलीय, गणराज. तुझी. मी विचारलं. तेव्हा खरं कळलं असतं तर भरली नसती असं मॅडम म्हणाल्या, आणि मान खाली घातली. तुला पत्र पाठवते म्हणाल्या.

एकसष्ट नावं परत घातली. एकेक हातानं टाईप केली, कॉपी केली नाही. यंत्रसखी हे नाव राहील, पण पहिल्याच पानावर 'ग्रीसबुकवर आधारित' असं आलंय. आमची सगळी भर मूळ कोडसकट कारखान्यांना दिली, परवान्यात तेच आहे, आणि ग्रीसबुकच्या मूळ प्रकल्पाकडेही पाठवली. सरांनी मला काढलं नाही. पण तांत्रिक प्रमुख आता मी नाही. टीममधले दोघं जण नोकऱ्या शोधतायत, त्यांना मी दोष देत नाही. दाजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, रंगमामांना तू सांगणार की गणराज? 

३ तारखेला मुदत संपते. हेलेना बाईंकडून अजून काही आलेलं नाही. मेलची घंटी वाजली की हातातलं टाकून आधी तेच बघते.

दिपा

अंबाजोगाई
६ ऑगस्ट २०२५

ताई,

हेलेना बाईंचा मेल तुम्हाला काल पोचला असेल. परवाना परत मिळाला, नोटीस बंद. एकसष्ट जणांना त्यांनी तसं कळवलं, म्हणून मलाही कळलं.

अपेक्षा मॅडमचं पत्र आलं. कंपनीच्या कागदावर, सही-शिक्क्यासह. मुलाखतीत दाखवलेलं काम माझंच होतं आणि तेव्हा लिहिलेला शेरा चुकीचा होता, असं त्यात आहे. पुढची जागा निघाली की कळवू, असंही आहे. निघेल तेव्हा बघू. ते पत्र बाबांनी दोनदा वाचलं आणि मला विचारलं की जागा भरली होती ना, मग शेरा कसला. तेव्हा मला सगळं सांगावं लागलं. तुझं नावही सांगितलं. मी लपवू शकलो असतो, पण आता मला लपवण्याचा कंटाळा आलाय. बाबा उठले. एका मोटारीचं वाइंडिंग अर्धं राहिलं होतं, ते पुरं करत बसले. आईनं विचारलं, दिपा राखीला येणार का. येऊ दे असंही मी म्हटलं नाही, येऊ नको म्हण असंही नाही.

माझा राग गेलेला नाही. तुझं २७ तारखेचं पत्र पुष्कळदा वाचलं. तू चाकणला जाऊन काय बोललीस ते वाचताना मला तुझ्याबद्दल वाईटही वाटलं आणि त्याच वेळी वाटलं की हे तू आठ महिन्यांपूर्वी बोलायला हवं होतंस. दोन्ही एकदम वाटतं, त्याचं काय करायचं मला कळत नाही.

आता कामाचं. तुम्ही घातलेल्या भरीच्या फाईली हेलेना बाईंनी वाटून दिल्या, त्यात देवनागरीची तुझी फाईल तपासायला माझ्याकडे आलीय. मशिनच्या छोट्या पडद्यावर जोडाक्षरं तुटायची, ती तू सांधली आहेस. दोन वर्षं मला ते जमलं नव्हतं. काम चांगलं आहे. पण मी दुकानातल्या जुन्या पडद्यावर लावून पाहिलं. 'दुसऱ्या पाळीत तेल बदला' असं लिहिलं की 'ऱ्य'पाशी पडदा अडकतो आणि पुढचं काहीच दिसत नाही. सेकंड शिफ्टच्या माणसाला ते दिसलं नाही तर मशिन कोरडंच चालेल.

म्हणून मंजूर केलेली नाही, परत पाठवलीय. दुरुस्त करून पाठव. मी बघतो.

गणराज